रिकामी दिसणारी पेशी

मावशीच्या मूत्रपिंडातील गाठ काढल्यानंतर काही दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल आला, तेव्हा काकांनी तो सर्वांत आधी माझ्या हातात दिला, कारण मी बरीच वर्षे विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते हे घरात सर्वांना ठाऊक आहे. अहवालाच्या शेवटी ‘क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा’ असे निदान लिहिलेले होते. काकांनी त्यातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, “क्लिअर म्हणजे काही निघालं नाही, असंच ना?” तसे नाही, हा कर्करोगाचा एक प्रकार आहे, हे मला त्यांना सांगावे लागले. नंतर, पहिला धक्का ओसरल्यावर, त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: मग त्या पेशींना ‘क्लिअर’ का म्हणतात? या प्रश्नाचे उत्तर देताना मी जे जे सांगितले आणि त्या वेळी सांगायचे राहून गेले, ते सगळे येथे लिहून ठेवत आहे.

त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ, पारदर्शक, जवळजवळ रिकाम्या दिसतात. कडेला पेशीपटलाची बारीक रेघ, आत कुठेतरी गडद जांभळे केंद्रक आणि उरलेली सगळी जागा पांढरी. परंतु ही पांढरी जागा मुळात रिकामी नसते, ती आम्ही रिकामी केलेली असते. गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत आला की तो आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवला जातो, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढले जाते, पुढे तो झायलिनमध्ये जातो आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक तयार होतो. या ब्लॉकचे काही मायक्रोमीटर जाडीचे काप घेऊन ते काचपट्टीवर रंगवले जातात. अल्कोहोल आणि झायलिन ही दोन्ही द्रव्ये मेद विरघळवतात. त्यामुळे पेशीत साठवलेला मेद या प्रवासात धुऊन जातो, ग्लायकोजेनही बऱ्याच अंशी निघून जाते, आणि ते जेथे होते तेथे फक्त पोकळी उरते. म्हणजे ‘क्लिअर’ हा शब्द त्या पेशीत काय नाही हे सांगत नाही. त्या पेशीत काय ठासून भरलेले होते याची ती खूण आहे. हाच ऊतीचा तुकडा गोठवून त्याचे फ्रोझन सेक्शन घेतले आणि ‘ऑइल रेड ओ’ या रंजकाने रंगवले, तर त्याच पेशींत लालभडक थेंब दाटीवाटीने बसलेले दिसतात.

या थेंबांना लिपिड ड्रॉपलेट म्हणतात; मी त्यांना मेदबिंदू म्हणेन. शरीरातील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशी ते तयार करू शकतात. चरबीच्या पेशीत एकच प्रचंड थेंब जवळजवळ सगळी जागा व्यापून बसतो आणि त्याचा व्यास शंभर मायक्रोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, तर इतर पेशींतील थेंब साधारणपणे एका मायक्रोमीटरच्या आगेमागे असतात. थेंबाच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर असतात, आणि त्याच्याभोवती फॉस्फोलिपिडांचे आवरण असते. पेशीतील इतर अंगकांची आवरणे दुहेरी थराची असतात. मेदबिंदूचे आवरण मात्र एकेरी असते, कारण त्याच्या आत पाणी नसून तेल असते. हे थेंब आंतर्द्रव्यजालिकेच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजे पेशीच्या आत पसरलेले पटलांचे जाळे) पटलात जन्म घेतात. ट्रायग्लिसराइड बनवण्याची अखेरची पायरी ‘डीगॅट’ नावाची दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, पार पाडतात, तेल पटलाच्या दोन थरांमध्ये साचू लागते आणि फुगवटा येऊन थेंब बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे थेंब शास्त्रज्ञांनी पाहिलेले आहेत, तरी पुढे कित्येक दशके त्यांना कोठीत पडून राहिलेल्या मालापलीकडे महत्त्व दिले गेले नाही. १९९१ मध्ये थेंबाच्या पृष्ठभागावर बसून आतला मेद कधी बाहेर सोडायचा यावर ताबा ठेवणाऱ्या पेरिलिपिन या प्रथिनाची ओळख पटली आणि चित्र पालटू लागले. ज्या कोठीच्या दारावर पहारा आहे, ज्या पहाऱ्यावर हॉर्मोनांचे हुकूम चालतात, तिला निर्जीव अडगळ म्हणता येत नाही.

कर्करोगाच्या पेशीला मेद कशासाठी लागतो, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या, तर पेशीपटल, केंद्रकाचे आवरण, आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील इंधन जाळणाऱ्या भट्ट्या) आवरणे हे सगळे दुप्पट करावे लागते, आणि या सगळ्यांचा कच्चा माल म्हणजे मेदाम्ले, ज्यांना आपण सर्रास फॅटी ॲसिड म्हणतो. निरोगी प्रौढ शरीरातील बहुतेक पेशी हा माल रक्तातून उचलतात; यकृत आणि मेदऊती यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर घरी मेदाम्ले बनवण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही. कर्करोगाच्या पेशी मात्र ती स्वतः बनवतात. १९५३ मध्ये ग्रेस मेडेस, सिडनी वाइनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींच्या कापांवर प्रयोग करून हे दाखवून दिले होते. ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात कर्करोगाच्या पेशींची ग्लुकोजची अवाजवी भूक नोंदवली होती. त्या ग्लुकोजमधील कार्बनचा काही भाग मेदात जातो, हा त्या गोष्टीचा पुढचा धागा होता. पण त्याकडे दीर्घकाळ कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगात वाईट भवितव्याची खूण म्हणून ओळखले जाणारे एक प्रथिन प्रत्यक्षात मेदाम्ले बनवणारे ‘फॅटी ॲसिड सिंथेज’ हे विकर आहे, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, आणि तेव्हापासून हा विषय मागे पडला नाही.

हे काम स्वस्तात होत नाही. सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल तयार करायचे, तर असेटिल गटाचे आठ रेणू, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे सात रेणू आणि अशा जोडणीसाठी इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या एनएडीपीएचचे चौदा रेणू खर्ची पडतात. एवढी किंमत मोजून तयार केलेला माल लगेच वापरून टाकणे शहाणपणाचे, असे कोणालाही वाटेल. मग कर्करोगाची पेशी तो साठवून का ठेवते? ज्या पेशीला वाढीची इतकी घाई आहे, तिने माल कोठीत का टाकावा? माझ्या मते या विषयाचा खरा गाभा या प्रश्नात आहे, आणि ‘पुढे उपयोगी पडेल म्हणून’ हे त्याचे उत्तर अर्धेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर असे की मोकळे मेदाम्ल विषारी असते. ते साबणासारखे वागते. पटलांत घुसते आणि त्यांची घडण बिघडवते. पामिटिक आम्लासारखी संपृक्त मेदाम्ले सरळ, ताठ साखळीची असतात. ती पटलात जास्त झाली की पटल घट्ट होते, आंतर्द्रव्यजालिकेवर ताण येतो, तेथे प्रथिनांच्या घड्या नीट पडत नाहीत आणि हा ताण हाताबाहेर गेला तर पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागते. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंधामुळे वाक असतो आणि पटल लवचीक राहते. संपृक्ताचे असंपृक्त करण्याचे काम एससीडी हे विकर करते. पण या विकराला ऑक्सिजन लागतो. आता गाठीच्या आतला भाग डोळ्यांसमोर आणावा. रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, काही ठिकाणी त्या पोहोचतच नाहीत, ऑक्सिजन अपुरा. तेथील पेशी मेदाम्ले जमवत तर आहे, पण त्यांना वाक देणारे विकर गुदमरले आहे. अशा पेशीसमोर संपृक्त मेदाचा ढीग साचत जातो आणि त्यातच ती मरू शकते. मेदबिंदू तिला येथे वाचवतो: ताठ मेदाम्ले ट्रायग्लिसराइडात बांधून गाभ्यात बंद करायची आणि आधी साठवलेली असंपृक्त मेदाम्ले गरजेनुसार बाहेर सोडून पटलांचा तोल राखायचा. ऑक्सिजन कमी पडला की जागी होणारी हिफ ही प्रथिने याच वेळी थेंब फोडणाऱ्या विकरावर लगाम घालणारे एक प्रथिन वाढवतात, म्हणजे कोठीचे दार घट्ट लावले जाते. म्हणून मी मेदबिंदूला साठ्यापेक्षा धरण म्हणणे पसंत करते. धरणाचे मोल त्यात किती पाणी आहे एवढ्यावर ठरत नाही; पूर येऊ न देणे आणि दुष्काळात पाणी सोडणे, ही दोन्ही कामे त्याला करावी लागतात.

मावशीच्या आजारात हे सर्व किती ठळकपणे दिसते, ते पाहण्यासारखे आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के या क्लिअर सेल प्रकारचे असतात, आणि त्यांतील बहुसंख्य गाठींत व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक १९९३ मध्ये ओळखले गेले. ऑक्सिजन पुरेसा असताना हिफ प्रथिनांचा नायनाट करवणे, हे त्याच्या प्रथिनाचे काम. हे जनुक गेले की ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो नसल्यासारखी वागू लागते. पेशीला ऑक्सिजनची जाणीव कशी होते याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्यांतील केलिन यांची वाट थेट व्हीएचएलच्या अभ्यासातून गेलेली आहे. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सेलेस्ट सायमन यांच्या गटाने दाखवले की या कर्करोगात हिफ-२ अल्फा हे प्रथिन पेरिलिपिन-२ ची पातळी वाढवते, त्यामुळे मेदबिंदू टिकून राहतात, आणि पेरिलिपिन-२ काढून घेतले तर आंतर्द्रव्यजालिकेवर असह्य ताण येऊन पेशी मरतात. दोन वर्षांनी आणखी एका अभ्यासातून दिसले की हिफ प्रथिने मेदाम्लांना तंतुकणिकेत नेणाऱ्या सीपीटी-१ए या विकराचे उत्पादनही दाबतात. भट्टीचे दार बंद, म्हणून माल कोठीकडे वळतो. काचपट्टीवर जी पांढरी पोकळी मी हजारदा पाहून पुढे सरकवली, तिच्यामागे एवढी मोठी व्यवस्था उभी होती, याची मला त्या काळात कल्पना नव्हती.

मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या अतिशय आक्रमक गाठीची कथा यापेक्षाही स्पष्ट आहे. निरोगी मेंदूच्या ऊतीत मेदबिंदू सहसा दिसत नाहीत. या गाठीत ते भरपूर असतात. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये डीगॅट-१ हे विकर रोखून पाहिले. साठवण थांबली. मेदाम्ले मोकळी राहिली आणि मोठ्या प्रमाणावर तंतुकणिकांत शिरली, तेथे त्यांचे ज्वलन बेसुमार वाढले, क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू तयार झाले, तंतुकणिका फुटल्या आणि पेशी मेल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पेशी उपासमारीने मेली नाही. ती अतिरेकाने मेली. साठवण म्हणजे केवळ बचत असती, तर ती बंद केल्यावर पेशीला आजचे इंधन उलट जास्त मिळाले असते आणि ती अधिक जोमाने वाढली असती.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात थेंबांतील मालच वेगळा निघाला. २०१४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील गटाने रुग्णांच्या ऊती रामन वर्णपटाच्या साहाय्याने तपासल्या, तेव्हा तीव्र दर्जाच्या आणि इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या मेदबिंदूंत ट्रायग्लिसराइडऐवजी कोलेस्टेरॉलचे एस्टर साचलेले आढळले. पीटेन हे पेशीच्या वाढीला आवर घालणारे जनुक हरवल्यामुळे हे घडते, आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर बनवणारे विकर रोखल्यास पेशींची वाढ मंदावते, असेही त्यांनी दाखवले. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर उभे असलेले हे तंत्र मला विशेष जवळचे वाटते, कारण त्यात मेदाच्या रेणूंतील बंधांची कंपनेच प्रकाशाच्या साहाय्याने वाचली जातात. त्यासाठी ऊतीला झायलिनमध्ये बुडवावे लागत नाही आणि रंगही लावावा लागत नाही. ज्या तपासणीने मेद धुऊन टाकला नाही, तिलाच तो मेद कोणता आहे हे कळले.

सर्वच कर्करोग माल घरी बनवतात असेही नाही. काही शेजाऱ्याकडून घेतात. अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरतो तेव्हा तो आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या मेदाच्या घडीकडे, म्हणजे वपाजालाकडे, वारंवार जातो. शिकागो विद्यापीठातील अर्न्स्ट लेंगेल यांच्या गटाने २०११ मध्ये याचे कारण उलगडले: वपाजालातील चरबीच्या पेशी आपल्या थेंबांतील मेदाम्ले सोडतात, आणि कर्करोगाच्या पेशी ती उचलून वाढीसाठी जाळतात. या देवघेवीत एफएबीपी-४ हे मेदाम्लांची ने-आण करणारे प्रथिन मध्यस्थी करते. २०१७ मध्ये बार्सिलोनातील एका गटाने मेदाम्ले आत घेणाऱ्या सीडी-३६ या प्रथिनाचा संबंध कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्याशी जोडला, हेही याच साखळीतले.

एवढे ऐकल्यावर काकांनी साहजिकच विचारले की मग मावशीच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्णपणे बंद करावेत का. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या घरी विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबते. शरीराची स्थूलता आणि पेशीतील मेदबिंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थूलतेचा काही कर्करोगांशी संबंध आहे, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अशा तेरा कर्करोगांबाबत पुरेसा पुरावा असल्याचे सांगितले आणि त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगही आहे. पण त्या संबंधात इन्सुलिन, इस्ट्रोजेन, दीर्घकालीन दाह असे अनेक दुवे गुंतलेले आहेत. गाठीच्या पेशीत मेद साचतो तो मुख्यतः तिच्या बिघडलेल्या जनुकांच्या हुकमाने, आणि सडपातळ माणसाच्या गाठीतही तो तितक्याच निष्ठेने साचतो. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे ही पेशी ग्लुकोजपासूनही मेद बनवू शकते. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या माणसाचे जेवण अशा तर्कावर तोडणे मला क्रूर वाटते. वजन उतरणे आणि स्नायू झिजणे हेच कित्येक रुग्णांच्या वाट्याला आलेले मोठे संकट असते. मी काकांना स्पष्ट शब्दांत सांगितले की आहाराचा निर्णय डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलूनच घ्यायचा, आणि तोवर ताट होते तसेच राहू द्यायचे.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर या ज्ञानाचा वापर करणे वाटते तितके सरळ नाही. मेदाम्ले बनवणारे विकर रोखले, तर पेशी बाहेरून मेद उचलू लागते. बाहेरची वाट अडवली, तर घरचे उत्पादन वाढवते. सुरुवातीच्या काळातील अशा एका रसायनाने प्रयोगातील उंदरांची भूकच मंदावली आणि वजने झपाट्याने घटली. डीगॅट-१ आपल्या लहान आतड्यातही मेद शोषून घेण्याच्या कामी गुंतलेले असते. स्थूलतेवरील औषध म्हणून ते रोखणारी रसायने माणसांना देऊन पाहिली, तेव्हा जुलाब आणि पोटाच्या इतर तक्रारींमुळे मात्रा वाढवणे कठीण झाले. फॅटी ॲसिड सिंथेज रोखणारे डेनिफॅनस्टॅट हे कर्करोगासाठी तपासले गेलेले रसायन पुढे यकृतात मेद साचण्याच्या आजारावरही तपासले गेले, यावरून ही यंत्रणा निरोगी आणि रोगी ऊतींत किती सामायिक आहे हे लक्षात येते. जे विकर गाठीला जगवते तेच आपल्या यकृतालाही हवे असते.

म्हणून मला अधिक आशा वाटते ती कोंडीत पकडण्याच्या मार्गाची. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने पेशीमृत्यूच्या एका वेगळ्या प्रकाराला फेरॉप्टोसिस हे नाव दिले. यात लोहाच्या उपस्थितीत पटलांतील बहु-असंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, मेद जणू खवट होतो, आणि पटले फाटून पेशी मरते. दुहेरी बंध जितके जास्त, तितका हा धोका मोठा. काही कर्करोगांच्या पेशी अशी ज्वालाग्राही मेदाम्ले पटलातून बाजूला काढून मेदबिंदूंत सुरक्षित ठेवतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मग साठवण रोखायची आणि त्याच वेळी पेशीची ऑक्सिडीकरणाविरुद्धची ढाल काढून घ्यायची, असा दुहेरी मारा करता येईल का, यावर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे.

क्लिअर सेल कर्करोगाच्या बाबतीत एक दार मात्र प्रत्यक्षात उघडले आहे. हिफ-२ अल्फाला थेट अडवणाऱ्या बेल्झुटिफॅन या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी, आणि २०२३ मध्ये इतर औषधांना न जुमानता पुढे गेलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. हे औषध मेदबिंदूंना लक्ष्य करून बनवलेले नाही, पण ते ज्या प्रथिनाला धरते त्याच्याच हुकमाने ते बिंदू भरलेले असतात.

मावशीला या गोळीची गरज पडली नाही. गाठ मूत्रपिंडापुरतीच होती आणि ती वेळेत निघाली. आता ठरावीक काळाने स्कॅन करायचे आहे. तिच्या गाठीची काचपट्टी मी मागून घेतली आणि एका दुपारी काकांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले की या पांढऱ्या जागेत जे होते ते कुठे गेले, आणि मी त्यांना झायलिनच्या बाटलीकडे बोट दाखवले.